मुलाच्या सायकलसाठी टायर बनवला, नाव जगभर गेलं, पण खरा पैसा दुसऱ्यांनीच छापला

गाडीचे जुने टायर आणि व्हील्सचा सेट विकायला काढला की घेणारा तीन गोष्टी बघतो. नक्षी किती शिल्लक आहे, टायर कोणत्या वर्षी बनलाय आणि त्यावर नाव कोणाचं आहे. नाव मोठं असेल तर वापरलेल्या टायरलाही दोन पैसे जास्त मिळतात.

पण ज्या माणसाचं नाव टायरवर सगळ्यात आधी गाजलं, त्याला त्या नावाचे किती मिळाले?

जॉन बॉइड डनलॉप. जन्म १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. शिक्षण जनावरांच्या डॉक्टरचं. १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना चांगलाच चालला. टायरच्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता.

१८८७ मध्ये त्यांच्या मुलाकडे तीनचाकी सायकल होती. तेव्हा चाकांवर भरीव रबर असायचं, त्यामुळे बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर हाडं खिळखिळी व्हायची. डनलॉप यांनी रबरी नळीत हवा भरली, ती कापडाने लाकडी चकतीवर बसवली आणि अंगणात घरंगळत सोडली. सायकलचं जुनं चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक मात्र पार टोकापर्यंत गेलं.

डिसेंबर १८८८ मध्ये पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने हेच टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती मारल्या आणि टायरची हवा झाली.

मग डब्लिनचे व्यापारी हार्वे डू क्रॉस यांनी कंपनी उभी केली. डनलॉप यांनी आपलं पेटंट दिलं आणि बदल्यात १,५०० शेअर्स घेतले.

इथेच गेम झाला. स्कॉटलंडच्याच रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेतल्याचं समोर आलं. त्यांनी ते टायर घोडागाड्यांना लावूनही दाखवले होते. पण तेव्हा सायकलींचा जमाना आला नव्हता, त्यामुळे शोध विस्मरणात गेला. डनलॉप यांना हे माहीतच नव्हतं. तरी त्यांचं पेटंट रद्द झालं.

कंपनी मात्र इतर पेटंट विकत घेऊन तगली. १८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी डू क्रॉस यांनी ती ३० लाख पाउंडला विकली. घेणाऱ्या टेरा हूली यांनी लगेच ५० लाखांना बाजारात आणली.

पुढे सायकलचा टायर मोटारीला लागला. १९३६ मध्ये बंगालच्या साहागंजमध्ये डनलॉपचा कारखाना आला आणि भारतातही हे नाव घरोघरी पोचलं.

डनलॉप १९२१ मध्ये डब्लिनमध्ये गेले. खाऊनपिऊन सुखी होते, पण टायरने त्यांना गडगंज केलं नाही.

नावाला भाव असतो हे खरं. फक्त तो दरवेळी नाववाल्याच्याच खिशात जातो असं नाही.