विश्लेषण : औंढ्याचे शिखर आणि अहिल्याबाईंचे राजकारण

जवळा बाजारकडून औंढा नागनाथला गेल्यावर मंदिराचे दोन भाग सहज ओळखू येतात. खाली काळ्या दगडातले यादवकालीन कोरीव काम, वर चुन्याच्या गिलाव्याचे पांढरे शिखर. वरच्या भागाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केल्याचे सांगितले जाते. त्या काळी मराठवाड्याचा हा मुलूख निजामाचा होता. मग माळव्याच्या राज्यकर्तीने इथे खर्च का केला?

सत्ता कशी मिळाली?

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये चौंडीचा. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले, तर मुलगा मालेराव पुढच्याच वर्षी. वारस नसलेल्या विधवेकडून दौलत काढून घेण्याचा डाव राघोबादादांच्या पाठिंब्याने रचला गेला. अहिल्याबाईंनी लढाईची तयारी ठेवली आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. फौज तुकोजी होळकरांकडे गेली, कारभार अहिल्याबाईंकडे राहिला. राजधानी महेश्वरला आली.

पैसा कुठला?

पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली होती. तिचे उत्पन्न दौलतीच्या हिशेबापासून वेगळे असे. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. मंदिरे, घाट, धर्मशाळा आणि विहिरींचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला.

परमुलखातच का?

काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा काशीवर ईस्ट इंडिया कंपनीचे वर्चस्व होते. गयेचे विष्णुपद मंदिरही कंपनीच्या मुलखात. सोमनाथला भग्न मंदिराजवळ नवे मंदिर बांधले गेले. यांपैकी एकाही ठिकाणी होळकरांची सत्ता नव्हती. पण तीर्थाला देशभरातून यात्रेकरू येत आणि बांधणाऱ्याचे नाव घेऊन घरी परतत. जिथे फौज पाठवता येत नव्हती, तिथे होळकरांचा शब्द असा पोहोचला. जिच्या राज्य करण्याच्या हक्कावरच शंका घेतली गेली, तिच्यासाठी ही मान्यता मोलाची होती. त्यात श्रद्धा खरी होती, तसे राजकारणही. कारभाराचे हुकूम त्या शंकराच्या नावाने काढत, ते याच विचाराला धरून.

स्वतःसाठी काय बांधले?

महेश्वरला नर्मदेवर भव्य घाट आणि मंदिरे आहेत. त्यांचा राहता वाडा मात्र साधा, लाकडी खांबांचा. अहिल्याबाई १७९५ मध्ये निवर्तल्या. पुढे होळकरांचे राज्य गेले, निजामाचेही गेले. औंढ्याचे शिखर मात्र उभे आहे आणि त्याबरोबर त्यांचे नावही.