फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि बांबूचं गाव उभं करायला शांतिनिकेतनचा चित्रकार आला

भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत तुम्ही फोटोत तरी पाहिलीच असेल. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला चित्र, पानांना नक्षीची चौकट. निवडणुकांच्या भागावर तर छत्रपती शिवाजी महाराज आहेत, सोबत गुरू गोविंदसिंग. ही सजावट ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते नंदलाल बोस.

पण या बंगाली माणसाचं खान्देशशी एक जुनं नातं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही.

नंदलाल यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेर भागातल्या हवेली खडगपूरचा. आई मातीच्या बाहुल्या करायची. गावात कुंभार होते, मूर्ती करणारे होते, पोरगं त्यांच्याकडे बघत बसायचं. पुढं कलकत्त्याला कॉलेजात घातलं, तर तिथं गडी नापास. घरच्यांनी हात टेकले. शेवटी १९०५ च्या सुमारास सरकारी आर्ट स्कूलमध्ये अवनींद्रनाथ टागोरांच्या हाताखाली गेले आणि गाडी रुळावर आली.

अवनींद्रनाथांचे भाऊ गगनेंद्रनाथ हे त्या काळातले जबरदस्त व्यंगचित्रकार. १९१७ च्या आसपास त्यांनी साहेबी थाटाच्या बाबूंची आणि ढोंगी धर्मगुरूंची अशी काही टर उडवली की आजही ती चित्रं बघून हसू येतं. टागोरांच्या वाड्यावर चित्रकारांचा अड्डा असायचा आणि नंदलाल त्याच मंडळीतले. दोनचार रेषांत माणूस पकडायचा, ही सवय त्यांना कायमची लागली. मित्रांना, विद्यार्थ्यांना ते साध्या पोस्टकार्डावर चित्रं काढून पाठवायचे. घोडा, बकरी, रस्त्यावरचा म्हातारा, काहीही.

आता खान्देशच्या वेशीवर येऊ. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होती. तिच्या मदतीला कलकत्त्याहून जी पोरं आली त्यात नंदलाल होते. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. अंधाऱ्या लेण्यांत ते दिवसच्या दिवस त्या भिंती उतरवत होते. भिंतीवरचं मोठं चित्र म्हणजे काय, हे त्यांना तिथं कळलं.

१९२० च्या सुमारास रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात बोलावून घेतलं आणि लवकरच कलाभवनाची सूत्रं त्यांच्याकडे आली. सत्यजित राय पुढं तिथंच शिकले. मराठी चित्रकार विनायक मासोजी तर तिथं विद्यार्थी होते आणि नंतर शिक्षकही झाले. १९३० मध्ये दांडीयात्रा निघाली तेव्हा नंदलाल यांनी लिनोकट केलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, हातात काठी, निघालेले बापू. गांधीजींचं याहून नेमकं चित्र दाखवा म्हटलं तर अवघड जाईल.

गांधीजींनी त्यांना आधी १९३६ च्या लखनौ अधिवेशनात कला प्रदर्शनाचं काम दिलं. मग आलं फैजपूर.

तोवर काँग्रेसची अधिवेशनं शहरात भरायची. गांधीजींचा हट्ट होता की आता खेड्यात जायचं. मान मिळाला यावल तालुक्यातल्या फैजपूरला. धनाजी नाना चौधरी, शंकरराव देव, साने गुरुजी अशी माणसं राबायला होती. प्रश्न एकच होता, हजारो लोकांचं गाव उभारायचं कसं? गांधीजींची अट अशी की जे आजूबाजूला मिळतं त्यातच, आणि गावच्या कारागिरांच्या हातून.

नंदलाल आधी कचरले. आपण चित्रकार, बांधकाम करणारे नाही, असं त्यांनी कळवलं. गांधीजींनी ते काही ऐकलं नाही. त्यांना मोठा तज्ज्ञ नको होता, जीव ओतणारा माणूस हवा होता.

डिसेंबर १९३६ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी टिळकनगर उभं राहिलं. बांबू, गवत, चटया, असलाच सगळा ऐवज. कापडी झगमगाट नाही. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या सजवलेल्या रथातून मिरवत आले. खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरलं. गांधीजींनी ते उघडताना नंदलाल यांच्या कामाचं जाहीर कौतुक केलं.

खान्देशात कारागिरी नव्यानं आणायची गरजच नव्हती म्हणा. सोनगीरच्या तांबटांची भांडी आजही हायवेला गाडी थांबवून लोक घेतात. फरक एवढाच, की इथं एका नावाजलेल्या कलावंतानं बांबू विणणाऱ्याला आपल्या बरोबरीचा मानलं. आणि हे बघायला आलेल्या शेतकऱ्याला तिकीट काढून शहरातल्या गॅलरीत जावं लागलं नाही.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, अधिवेशन गुजरातेत हरिपुऱ्याला भरलं. तापीच्याच काठावर, फक्त खूप खाली. यावेळी नंदलाल आणि त्यांच्या शिष्यांनी हातकागदावर सुमारे ४०० चित्रं काढली, त्यातली ८० च्या वर स्वतः नंदलाल यांची. ढोल वाजवणारा, शेत कसणारा, शिंपी, कापूस पिंजणारा. जाडजूड रेषा, झटपट रंग, लांबूनही कळेल असं. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते, पण गावकऱ्यांनी मांडवात स्वतःचीच चित्रं टांगलेली पाहिली.

पुढं बडोद्याच्या कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रं झाली, संविधान झालं, १९५४ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १६ एप्रिल १९६६ ला कलकत्त्यात ते गेले. त्यांची चित्रं आता राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर विकता येत नाहीत.

फैजपूरचं बांबूचं गाव अधिवेशन संपल्यावर उतरवलं गेलं. तिथं आता धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय आहे, आणि जवळच, त्यांच्या खिरोद्यात, पोरं चित्रकला शिकतात.