विचारून सांगतो

आजचे वाचन : गणना २७:१-११

मागच्या आठवड्यात टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने मीटिंगमध्ये एका नियमाबद्दल तक्रार मांडली. मी तिचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. नियम वाचून दाखवला आणि विषय संपवला. आज मोशेबद्दल वाचताना तिचा चेहरा आठवला.

मोशेची सुरुवातही घाईनेच झाली होती. ४० वर्षांचा असताना त्याने एका मिसरी माणसाला इब्री माणसाला मारताना पाहिलं. इकडेतिकडे बघून त्याने त्या मिसऱ्याला ठार केलं आणि वाळूत पुरलं. निवाडा त्याचा, शिक्षाही त्याचीच! मग मिद्यानात पळून जाऊन त्याने कित्येक वर्षं मेंढरं राखली.

८० व्या वर्षी तो देवाच्या आज्ञेने फारोपुढे उभा राहिला आणि लोकांना मिसरातून बाहेर काढलं. रानात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा. सासरा इथ्रो याने त्याला सांभाळून घेतलं. त्याच्या सल्ल्याने हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमले गेले. साधी प्रकरणं त्यांच्याकडे, अवघड तेवढी मोशेकडे.

पण मोशेलाच अवघड वाटलं तर?

सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. बाप रानात वारला, भाऊ नाही, म्हणून बापाचं नाव कुळातून का पुसावं? आम्हाला वतन द्या, अशी त्यांची मागणी होती. चालत आलेली रीत सांगून मोशेला त्यांना परत पाठवता आलं असतं. त्याने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेलं. मुलींचं म्हणणं बरोबर ठरलं आणि मुलगा नसेल तर वारसा मुलीला, हा सगळ्या इस्राएलासाठी नियम झाला.

मरणापूर्वी मोशेने पुढचीही सोय सांगितली. गावात न सुटणारे वाद परमेश्वर निवडेल त्या ठिकाणी, लेवीय याजक आणि न्यायाधीश यांच्याकडे न्यावेत (अनुवाद १७). १२० व्या वर्षी, नबो डोंगरावरून वचनदत्त देश पाहून, तो मरण पावला.

एके काळी स्वतःच निवाडा उरकणारा हा माणूस सगळ्यांसमोर थांबायला शिकला. मला तेवढंही जमलं नाही. उद्या त्या मुलीला भेटून तिचं म्हणणं पुन्हा ऐकणार आहे.

प्रार्थना : प्रभू, उत्तर देण्याआधी तुला विचारण्याची नम्रता मला दे. आमेन.