महारेणूंचे पुरस्कर्ते हर्मान स्टाउडिंगर

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत सेल्युलोज, अर्थात ग्लुकोजचे हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेली साखळी. अशा साखळीला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात, हे तेथील महाविद्यालयांत या विषयाशी प्रथम ओळख होणारा विद्यार्थी सहज मान्य करतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र हेच सांगणाऱ्या हर्मान स्टाउडिंगर यांची विद्वत्सभांत हेटाळणी झाली होती.

जर्मनीतील वर्म्स येथे २३ मार्च १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता. त्यासाठी आधी रसायनशास्त्र पक्के हवे, या सल्ल्यावरून ते इकडे वळले आणि येथेच रमले. कीटीन या संयुगांच्या शोधाने तरुणपणीच नाव झाले. १९१२ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले.

ही प्रतिष्ठा त्यांनी १९२० मध्ये पणाला लावली. रबर, सेल्युलोज, स्टार्च हे लहान रेणूंचे सैल पुंजके होत, असे तेव्हा बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानीत. स्टाउडिंगर यांच्या मते ते नेहमीच्याच रासायनिक बंधांनी सांधलेले प्रचंड रेणू होते. त्यांनी रबराला हायड्रोजन जोडून पाहिला. पुंजक्यांची कल्पना खरी असती, तर रबर विस्कटून ऊर्ध्वपातन करता येईल असा साधा पदार्थ हाती यायला हवा होता. मिळालेला पदार्थ मूळ रबराशीच साम्य राखून होता. तरीही हाइनरिश वीलांड यांच्यासारख्या ज्येष्ठांनी त्यांना हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. गंमत अशी, की या साखळ्या ताठ काठीसारख्या असतात, हा स्वतःचा चुकीचा समजही स्टाउडिंगर यांनी तितक्याच हट्टाने जपला. त्या लवचिक असल्याचे इतरांना दाखवावे लागले.

हा हट्ट प्रयोगशाळेपुरता नव्हता. पहिल्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूच्या वापराला जाहीर विरोध केला. ते १९२६ पासून फ्रायबुर्ग विद्यापीठात होते. नाझी राजवटीत तेथील कुलगुरू, तत्त्ववेत्ते मार्टिन हायडेगर यांनी त्यांच्याविरुद्ध कारवाईची मागणी केली. १९३४ मध्ये त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला. पद वाचले, पण टांगती तलवार राहिली. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची संस्था उद्ध्वस्त झाली. या साऱ्या काळात वनस्पतिशास्त्रज्ञ पत्नी माग्दा त्यांच्या संशोधनात सहभागी होत्या.

नायलॉनचे मोजे १९४० मध्येच अमेरिकेच्या बाजारात आले होते. स्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.