लाल फाटकाआडचे बालपण

लिव्हरपूल हे इंग्लंडमधील मोठे बंदर. या शहराच्या कडेला वूल्टन नावाची वस्ती आहे. एके काळी ते स्वतंत्र खेडे होते. पुढे शहर वाढत गेले आणि त्याने खेड्याला पोटात घेतले. तरीही तिथले जुने चर्च, त्याची उन्हाळ्यातली जत्रा, दगडाची खाण आणि झाडीत दडलेली घरे यांमुळे त्याचे खेडेपण पुरते पुसले गेले नाही. या वूल्टनमधील एका अनाथालयाचे नाव 1967 साली जगभर गेले. ते तिथे नेणाऱ्या गायकाचे नाव जॉन लेनन.

जॉनचा जन्म 9 ऑक्टोबर 1940 रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत झाला. वडील आल्फ्रेड व्यापारी जहाजावर खलाशी. ते घरी कमी आणि समुद्रावर अधिक. आई ज्यूलिया हसरी, गाणीबजावणी आवडणारी, पण संसारात स्थिर न झालेली. नवराबायकोचे पटले नाही. वडील दूर गेले, आईने दुसरे बिऱ्हाड थाटले आणि पाच वर्षांचा जॉन मावशीच्या पदरात पडला. मिमीमावशी ज्यूलियाची सर्वांत थोरली बहीण. करारी, शिस्तीची, पुस्तके वाचणारी. तिला मूलबाळ नव्हते. तिचे यजमान जॉर्ज दुधाच्या धंद्यातले, स्वभावाने मऊ. वूल्टनमधील मेनलव्ह अॅव्हेन्यूवरच्या त्यांच्या घरात जॉनला कशाची ददात नव्हती. स्वतःची खोली होती, पुस्तके होती, वेळेवर जेवण होते. नव्हते ते एकच. आई-बाप दोघेही हयात असून हा मुलगा पोरका होता.

घरापासून थोड्या अंतरावर साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेने 1936 पासून चालवलेले अनाथालय होते. त्याचे नाव स्ट्रॉबेरी फील्ड. जुना टोलेजंग वाडा, सभोवती गर्द झाडी, पुढे लाल लोखंडी फाटक. उन्हाळ्यात तिथे छोटी जत्रा भरे आणि बँड वाजे. मिमीमावशी जॉनला तिथे घेऊन जाई. एरवी तो आणि त्याचे सवंगडी आवारात शिरून झाडांवर चढत. बाकीच्या पोरांना ती खेळायची जागा होती. जॉनला तिथे आणखी काय दिसत असेल? ज्यांना कोणी नाही अशी मुले त्या भिंतीआड राहत होती आणि तो स्वतः भिंतीच्या अलीकडे, मावशीच्या घरी राहत होता.

किशोरवयात आई पुन्हा त्याच्या आयुष्यात आली. ती जवळच राहत होती. तिने त्याला बॅन्जोवर सूर धरायला शिकवले. गिटारने पोट भरणार नाही असे मावशीचे ठाम मत होते. आईचा मात्र त्याला पाठिंबा होता. 6 जुलै 1957 रोजी वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत जॉनच्या क्वारीमेन या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. त्या दिवशी पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी त्याला भेटला. पॉलची आई आदल्याच वर्षी कर्करोगाने गेली होती. पुढच्या वर्षी, 15 जुलै 1958 रोजी, ज्यूलिया बहिणीला भेटून परत निघाली असता मेनलव्ह अॅव्हेन्यूवरच मोटारीखाली सापडून ठार झाली. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता. आई त्याने दोनदा गमावली.

नंतरचा इतिहास सर्वपरिचित आहे. हॅम्बुर्गच्या क्लबांमधली उमेदवारी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांची साथ, 1962 मधली पहिली तबकडी आणि मग बीटल्सचे जगभर उठलेले वादळ. 1966 च्या ऑगस्टअखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी आपला शेवटचा तिकीट लावलेला जाहीर कार्यक्रम केला. चाहत्यांच्या किंकाळ्यांत स्वतःचे गाणेही ऐकू येईनासे झाले होते. त्यानंतर जॉन एका चित्रपटात काम करण्यासाठी स्पेनमधील आल्मेरिया येथे गेला. तिथे दोन चित्रणांच्या मधल्या रिकाम्या वेळात, कीर्तीच्या शिखरावर असलेल्या या सव्वीस वर्षांच्या तरुणाला वूल्टनचे ते लाल फाटक आठवले. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणे तिथे आकाराला येऊ लागले.

नोव्हेंबरअखेर लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि ते डिसेंबर संपत येईपर्यंत चालले. गाण्याची दोन रूपे तयार झाली. एक हळुवार, दुसरे तुताऱ्या आणि चेलो यांनी गजबजलेले. जॉनला एकाची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि तंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी एका फितीचा वेग वाढवून आणि दुसरीचा कमी करून दोन्ही तुकडे जोडून दिले. आपल्याकडील श्रोत्यांनी कान देऊन ऐकावे असे आणखी एक त्यात आहे: हॅरिसनने छेडलेले स्वरमंडळ. आपले गवई गाताना मांडीवर घेतात तेच हे वाद्य.

1967 च्या फेब्रुवारीत ही तबकडी निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला पॉलचे 'पेनी लेन' होते. दोन्ही गाणी लिव्हरपूलच्या बालपणाची, पण किती निराळी! पॉल आपल्याला चौकात उभे करून दुकाने आणि माणसे दाखवतो. जॉननेही 1965 साली 'इन माय लाइफ' लिहिताना बसच्या वाटेवरील ठिकाणांची यादी केली होती. ती रुक्ष वाटल्यामुळे त्याने टाकून दिली. स्ट्रॉबेरी फील्डच्या गाण्यात वाडा नाही, जत्रा नाही, बँड नाही. आपण इतरांहून वेगळे आहोत की काय, या शंकेने गोंधळलेले एक मूल तेवढे आहे. ब्रिटनमध्ये ही तबकडी दुसऱ्या क्रमांकावर थांबली. तिला अडवणारा गायक एंगलबर्ट हंपरडिंक हा मद्रासमध्ये जन्मलेला, हा एक योगायोग.

पोरकेपणाने त्याची पाठ सोडली नाही. 1968 साली हृषीकेशच्या आश्रमात त्याने 'ज्यूलिया' हे आईवरचे गाणे रचले. 1970 मध्ये 'मदर' या गाण्यात तर त्याने आई-बाप दोघांनाही साद घातली. परंतु एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. 1968 साली पहिल्या पत्नीशी, सिंथियाशी, त्याचा घटस्फोट झाला, तेव्हा मुलगा ज्युलियन पाच वर्षांचा होता. ज्या वयात बाप आपल्याला अंतरला, नेमक्या त्याच वयात जॉन आपल्या मुलाला अंतरला. दुःख सोसलेला माणूस ते दुसऱ्याला देणार नाही, असे आपण समजतो. तसे नेहमी घडत नाही. दुसरी पत्नी योको ओनो हिच्यापासून 1975 साली शॉन झाला, तेव्हा मात्र गाणे बाजूला ठेवून तो मुलाला वाढवण्यासाठी घरी राहिला.

1971 मध्ये जॉन न्यूयॉर्कला गेला तो इंग्लंडला पुन्हा परतला नाही. 8 डिसेंबर 1980 रोजी राहत्या इमारतीच्या दाराशी त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. तो चाळीस वर्षांचा होता. शॉन पाच वर्षांचा होता.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील एका भागाला स्ट्रॉबेरी फील्ड्स असे नाव देण्यात आले. वूल्टनमधला जुना वाडा पूर्वीच पाडला गेला होता. अनाथालयही 2005 साली बंद झाले. 2019 पासून ती जागा लोकांना खुली आहे आणि शिकण्यात अडचणी येणाऱ्या तरुणांना तिथे कामाचे शिक्षण दिले जाते. दूरदूरचे लोक फाटकापाशी येऊन उभे राहतात. आत पाहण्यासारखे जुने फारसे उरलेले नाही. पण जॉनच्या गाण्यात तरी ते कुठे होते? भिंतीवरून आत डोकावणारा एक एकटा मुलगा त्यात होता, आणि ज्याला त्याची ओळख पटते तो कुठल्याही गावचा असू शकतो.