कर्मवीरांनी वेळ कशी ओळखली?

अजून वेळ आलेली नाही, हे उत्तर आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. ते देणाऱ्यांची वेळ कधीच येत नसते. वेळ खरोखर ओळखणारा माणूस पाहायचा असेल तर आम्ही कर्मवीर भाऊराव पाटलांकडे बोट दाखवू.

१८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरला शिकताना ते अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंग सोडावे लागले. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे, हा विचार त्यांनी १९१० च्या सुमारासच सांगलीकडच्या दुधगावी करून पाहिला. तो फसला असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचे लोण गावोगाव गेले नाही. पुढे डांबर प्रकरणात तुरुंग भोगला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी हिंडले. ही वर्षे वाया गेली असे कुणी समजू नये. कोणते गाव साथ देईल, हे कचेरीत बसून कळत नाही.

दरम्यान १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळ मूळ धरत होती. जमीन अशी तयार झाल्यावर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था उभी राहिली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. ज्या साताऱ्यात १९०० साली शाळेत दाखल झालेल्या बाळ भीमाला वेगळे बसावे लागले, तिथेच आता महार, मांग, मराठा, मुसलमान मुले एका पंगतीला जेवू लागली!

वेळ योग्य होती, पैसा मात्र नव्हता. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडले. १९३० साली त्या गेल्या. सगळे श्रेय एकट्या कर्मवीरांना देणारे ही किंमत विसरतात.

वकील या नात्याने एक गोष्ट आमच्या डोळ्यांत भरते. संस्थेची रीतसर नोंदणी १९३५ सालची. सोळा वर्षे काम, मग कागद. आपल्याकडे आधी नोंदणी, मग लेटरहेड, मग अध्यक्षपदावरून भांडण, आणि कामाची वेळ येतच नाही!

त्याच १९३५ साली कर्मवीरांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. शिक्षकच नसतील तर खेड्यात शाळा उघडून करायचे काय? १९३७ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि १९३८ पासून व्हॉलंटरी शाळांची रांग लागली. म्हणजे आधी वसतिगृह, मग शिक्षक, मग खेड्यातली शाळा. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज त्यांनी काढले ते थेट १९४७ साली.