दादासाहेब फाळके: सिनेमाचं कॉलेजच नव्हतं तेव्हा

तुमच्या फोनमध्ये टाइम-लॅप्स मोड आहे ना? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये हेच हाताने केलं होतं. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोपटं वाढेल तशी एकेक फ्रेम घेत गेले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात वाढलं. ही छोटी फिल्म दाखवून त्यांनी पहिल्या सिनेमासाठी पैसे उभे केले. आजच्या भाषेत डेमो!

कॉलेज हवंच का, हा वाद निघाला की फाळक्यांचं नाव हमखास येतं. पण ते कॉलेज सोडलेले वगैरे नव्हते. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्म, वडील संस्कृतचे विद्वान. १८८५ ला मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असं बरंच काही ते शिकले. त्यावर छापखानाही चालवला, पण भागीदारांशी पटलं नाही आणि चाळिशीच्या आसपास हातात काहीच उरलं नाही.

तेव्हा मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा त्यांनी पाहिला आणि आपल्या देवांच्या गोष्टी पडद्यावर आणायच्या हे डोक्यात बसलं. हे शिकवणारं कॉलेज आपल्याकडे नव्हतंच. मग पुस्तकं, कॅटलॉग आणि रोज तासन्‌तास सिनेमे. इतके की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, हेपवर्थ या सिनेमावाल्याचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

सोबत भोकं पाडायचं मशीनही होतं. तेव्हाच्या कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची आणि त्यांच्याशिवाय कॅमेऱ्यात रीळ पुढे सरकत नाही. हे काम अंधारातच करावं लागे, उजेड लागला की फिल्म वाया. ते करायच्या सरस्वतीबाई, त्यांच्या पत्नी. फिल्म धुणं, केमिकल मिसळणं आणि युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. दागिनेही गहाण पडले. कॉलेजचं तोंड न पाहिलेलं उदाहरण हवं असेल तर मला सरस्वतीबाई जास्त योग्य वाटतात. त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. मग फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला आणलं आणि पुढचे सिनेमे इथे बनले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनीही नाशिकलाच सुरू झाली.

मी स्वतः इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आहे, तिला नावं ठेवणार नाही. फाळक्यांना फ्रेम कशी लावायची हे कळत होतं, त्यात जे. जे. आणि बडोद्याचा वाटा आहे. पण १९३१ ला बोलपट आला तेव्हा कॉलेजचं शिक्षण कामी आलं नाही आणि स्वतः कमावलेलंही पुरलं नाही. 'गंगावतरण' हा त्यांचा एकच बोलपट, १९३७ चा. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे.